८८ टक्के कशाचे? जिल्ह्याचा क्षयरोग कार्यक्रम तपासताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका जिल्ह्याच्या क्षयरोग कार्यक्रमाचं मूल्यमापन तुमच्याकडे आलं आहे आणि हाताशी पंधरा दिवस आहेत. जिल्हा कार्यालयाने दाखवलेल्या स्लाइडांवर तीन वर्षांत रुग्णनोंद वाढलेली आहे, उपचार यशस्वी होण्याचं प्रमाण ८८ टक्के आहे, शंभरपैकी गुण देऊन जी क्रमवारी लावतात तिच्यातही जिल्हा वरच्या रांगेत आहे. मग आणखी तपासायचं काय?

मी आधी तालुक्याला, मग काही वर्षं जिल्हा क्षयरोग अधिकारी म्हणून आणि नंतर इतर जिल्ह्यांच्या तपासणी पथकांत काम केलं. म्हणजे आधी असे आकडे वर पाठवले आणि पुढे दुसऱ्यांनी पाठवलेले तपासले. त्या अनुभवावरून सांगतो, या आकड्यांत उघड खोटेपणा क्वचितच असतो. अडचण अशी की कार्यक्रमाच्या सगळ्या वह्या दारात आलेल्या माणसांच्या असतात. जो दारापर्यंत पोचलाच नाही, किंवा थुंकी देऊन गेला तो परत आलाच नाही, तो कुठल्याच टक्केवारीत बसत नाही. तुमचे पंधरा दिवस त्या माणसाच्या मागावर घालवा. शाळेत अंश आणि छेद शिकलो होतो, त्यातला छेद कुठून आला हे प्रत्येक स्लाइडला विचारत जा.

नोंदीपासून सुरुवात करू. नोंद वाढली, म्हणजे नेमकं काय झालं? रोग वाढला असेल, शोध वाढला असेल, किंवा खासगी डॉक्टरांकडे आधीपासून असलेले रुग्ण आता मोजले जाऊ लागले असतील. देशाचंच बघा. २०१९ मध्ये सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. त्या वर्षी टीबी कमी झाला नव्हता, दवाखाने बंद होते आणि तपासणीची यंत्रं कोविडला जुंपलेली होती. २०२४ मध्ये नोंद २६ लाखांच्या वर गेली. याच काळात जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज मात्र उलट दिशेने जातो: २०१५ मध्ये लाखामागे २३७ नवे रुग्ण, २०२३ मध्ये १९५. रोग हळूहळू उतरतोय आणि नोंद चढतेय, म्हणजे अंतर मिटतंय. पण तुमच्या जिल्ह्यातही तसंच घडतंय असं एकट्या नोंदीच्या आलेखावरून म्हणता येणार नाही. आणि आलेखाचं पहिलं वर्ष तपासा. ते २०२० किंवा २०२१ असेल, तर त्या पायावर कुठलाही जिल्हा चढताच दिसेल.

नोंदीच्या शेजारी तपासण्यांचा आकडा ठेवा: लाखामागे किती संशयितांची तपासणी झाली आणि त्यात किती निघाले. तपासण्या दुप्पट झाल्या आणि रुग्ण तेवढेच राहिले, तर एक तर गावात खरोखर रोग कमी आहे, नाही तर चुकीच्या माणसांची थुंकी गोळा होतेय. एका शोधमोहिमेत मी नमुन्यांची पेटी उघडून बघितली होती. बहुतेक डब्यांत पाण्यासारखी स्वच्छ लाळ. उद्दिष्ट ठरवून दिलेलं, आशाताईंनी ते पूर्ण केलेलं. ज्यांना खोकलाच नव्हता त्यांनीही आग्रहाखातर थुंकून दिलं होतं. कागदावर मोहीम शंभर टक्के.

एक्स-रेची चौकशी तर पहिल्याच दिवशी करा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दोन गोष्टी निघाल्या. लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कुठेच दाखवायला गेले नव्हते. आणि छातीचा एक्स-रे काढला नसता तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के निसटले असते. म्हणजे "दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का?" एवढंच विचारून घराघरांतून फिरणारी मोहीम जवळपास निम्मे रुग्ण मागे ठेवून येते. डिसेंबर २०२४ मध्ये ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली तेव्हा हातात धरून नेता येणाऱ्या एक्स-रे यंत्रांवर भर दिला गेला तो म्हणूनच. तुमच्या जिल्ह्यात यंत्र किती, त्यातली चालू किती, आणि ती चालवणारा तंत्रज्ञ आठवड्यातून किती दिवस असतो, हे बघा. यंत्र आहे आणि तंत्रज्ञाची जागा रिकामी आहे, हे दृश्य तुम्हाला भेटेलच.

आता ज्या कामात मी स्वतः सगळ्यात जास्त वेळ घालवायचो तिकडे येतो. तीन क्षयरोग पथकं निवडा: एक जिल्ह्याच्या गावाजवळचं, एक लांबचं, आणि एक तुमच्या मनाने, कार्यालयाला आधी न सांगता. प्रत्येक ठिकाणी प्रयोगशाळेचं रजिस्टर मागवा. संगणकातली यादी नको, कागदाचं रजिस्टर. एका तिमाहीतले सगळे पॉझिटिव्ह, मग ते सूक्ष्मदर्शकावर निघालेले असोत, सीबीनॅटवर असोत की ट्रूनॅटवर (दोन्ही जनुकीय तपासणीची यंत्रं; हे शेवटचं गोव्यात तयार होतं आणि विजेचा भरवसा नसलेल्या आरोग्य केंद्रातही चालतं), एका वहीत उतरवा. मग एकेक नाव निक्षय पोर्टलवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, शोधा. सापडलं का? उपचार सुरू झाल्याची तारीख काय? निदान आणि पहिली गोळी यांत किती दिवस गेले? काम कंटाळवाणं आहे, पण एका दिवसात जिल्ह्याचा स्वभाव कळतो.

काही नावं सापडणारच नाहीत. पत्ता म्हणून "वीटभट्टी" एवढंच लिहिलेलं असेल. कोणी शेजारच्या जिल्ह्यातला असेल. कोणाचा रिपोर्ट चार दिवसांनी आला आणि तोवर तो गावी निघून गेला असेल. यांची वेगळी यादी करा आणि वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकाला, म्हणजे एसटीएसला, आरोपाचा सूर न लावता विचारा. तो बहुतेकांची गोष्ट तोंडपाठ सांगेल. ज्याला सांगता येत नाही तिथे पर्यवेक्षण नाही, असं मी समजत आलो.

निक्षयची यादी हाताशी आली की तिच्यावर दोन साधे खेळ करून बघा. यादी मोबाइल नंबरप्रमाणे लावा. एकाच नंबरावर आठ-दहा रुग्ण दिसले तर तो नंबर आशाताईचा किंवा नोंद करणाऱ्या मुलाचा असतो. मग रुग्णाला फोन जातात, विचारपूस होते, असं जे सांगितलं जातं ते कुणाला होतं हे उघड आहे. दुसरा खेळ वजनांचा. उपचार कार्डावर सुरुवातीचं वजन आणि दोन महिन्यांनंतरचं वजन शेजारी मांडा. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे असलेली कार्डं मोजा. वजनकाटा वापरलाच नाही याचा याहून सोपा पुरावा नाही. हा निव्वळ कारकुनी दोष नाही: गोळ्यांची संख्या वजनावर ठरते, ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ किलोला चार. काटा नसेल तर डोस अंदाजपंचे.

आता तुमचे ८८ टक्के. ते या तिमाहीतल्या रुग्णांचे नसणार, साधारण वर्षभरापूर्वी नोंद झालेल्यांचे असणार, कारण निकाल लागायला सहा महिन्यांचा उपचार आणि वर थोडा अवधी लागतो. एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा एका तिमाहीत ४०० जणांवर उपचार सुरू झाले. ३४० जण बरे झाले किंवा त्यांचा उपचार पूर्ण झाला. २४ वारले, १६ मध्येच सोडून गेले, ६ जणांचा उपचार फसला किंवा बदलावा लागला. उरलेल्या १४ जणांचा निकाल भरलेलाच नाही. निकाल न भरलेले वगळले की छेद ३८६ होतो आणि उत्तर ८८ टक्के येतं. सगळे ४०० धरले तर ८५. आणि रजिस्टरात निदान झालेले प्रत्यक्षात ४३० होते, त्यातले ३० उपचारापर्यंत आलेच नव्हते असं तुमच्या वहीत निघालं, तर ७९. माणसं तीच, आकडे तीन, आणि एकही खोटा नाही.

याच्याही मागे गेलं तर काय दिसतं, याचा देशपातळीवरचा एक अभ्यास झाला होता. त्यात २०१३ सालच्या रुग्णांचा माग सरकारी यंत्रणेतून टप्प्याटप्प्याने काढला: समाजात आजारी असलेल्या शंभरांपैकी तपासणीपर्यंत पोचले सुमारे ७२, उपचार पूर्ण झाला ४५ जणांचा, आणि त्यानंतर वर्षभर रोग न उलटता राहिले ३९. त्या काळात कार्यक्रम आपल्या वहीतलं यश ८५च्या आसपास दाखवत होता आणि तेही खरं होतं. १९९७ मध्ये सुधारित कार्यक्रम सुरू झाला तेव्हा "७० टक्के शोध, ८५ टक्के बरे" अशी लक्ष्यं होती. ती कधीच मागे पडली, पण ८५ ओलांडलं की निर्धास्त होण्याची सवय आमच्या पिढीच्या हाडात मुरली आहे. तुम्ही ती घेऊ नका.

मृत्यूंबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मूल्यमापनाच्या अहवालात हे पान सगळ्यात पातळ असतं. "मृत्यू ५ टक्के" असं लिहून पुढे जातात. तुम्ही वर्षभरातल्या मृतांची यादी घ्या आणि प्रत्येकापुढे दोन तारखा लिहा, उपचार सुरू झाल्याची आणि मृत्यूची. पुष्कळ मृत्यू पहिल्या दोन महिन्यांतच, काही तर पहिल्या पंधरवड्यात झालेले दिसतील. याचा अर्थ निदान उशिरा झालं, किंवा माणूस एवढा खंगलेला होता की घरी गोळ्या देऊन भागणार नव्हतं, त्याला खाटेची गरज होती. तमिळनाडूने २०२२ पासून हेच पकडलं. निदानाच्या वेळी उंची-वजन, श्वासाचा वेग, ऑक्सिजनची पातळी, पायांवर सूज आहे का, आणि आधाराशिवाय उभं राहता येतं का, एवढं बघायचं आणि गंभीर रुग्णाला लगेच दाखल करून घ्यायचं. यासाठी वजनकाटा, उंचीची पट्टी, ऑक्सिमीटर आणि पाच मिनिटं लागतात. कोविडनंतर ऑक्सिमीटर प्रत्येक उपकेंद्रात पडून आहे. तुमच्या जिल्ह्यात निदानाच्या दिवशी हे कोणी करतं का, आणि केलं तर दाखल करायला खाट मिळते का? आपल्याकडे मातामृत्यूचं अन्वेषण होतं. क्षयरोगाच्या प्रत्येक मृत्यूचं तसं बैठक घेऊन होत असेल तर त्या जिल्ह्याला मी डोळे झाकून दहा गुण जास्त देईन.

स्थलांतर. तुमचा जिल्हा मराठवाड्यातला किंवा पश्चिम महाराष्ट्रातला असेल तर यासाठी एक वेगळा दिवस ठेवा. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. हंगाम साधारण पाच-सहा महिन्यांचा, आणि टीबीचा उपचारही सहा महिन्यांचा. ऑगस्टमध्ये गोळ्या सुरू झालेला माणूस अर्धा उपचार कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीत, काढणार, हे कॅलेंडर बघूनच सांगता येतं. पोर्टलवर रुग्ण दुसऱ्या जिल्ह्याकडे पाठवण्याची सोय आहे आणि ती वापरलीही जाते. पण पलीकडच्या पथकाने तो स्वीकारला का, आणि स्वीकारून कोपीपर्यंत कोणी गेलं का, हा प्रश्न दोन्ही जिल्ह्यांच्या मधल्या फटीत पडतो. निघताना त्याच्या हाती किती दिवसांच्या गोळ्या दिल्या, ते विचारा. मुकादमाचा नंबर कार्डावर लिहिलेला आहे का बघा. एका एसटीएसने मला त्याची स्वतःची वही दाखवली होती. त्यात रुग्णाच्या नावापुढे कारखाना आणि मुकादम लिहिलेला, पोर्टलवर यातलं काहीच नाही. त्याचं एकही माणूस हंगामात सुटलं नव्हतं. नंदुरबारकडे हीच गोष्ट गुजरातच्या सीमेपलीकडे जाते आणि आणखी गुंतते, कारण मग राज्यच बदलतं.

याच्या उलट शहरांचं. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत निदान झालेले कितीतरी रुग्ण बाहेरगावचे असतात. नोंद जिथे निदान झालं तिथली की जिथे माणूस राहतो तिथली, हे न विचारता लाखामागचा दर काढला तर शहर फुगतं आणि गाव सुकतं. त्यामुळे दोन जिल्ह्यांची क्रमवारी लावण्याच्या भानगडीत पडू नका. जिल्ह्याची तुलना त्याच्याच चार वर्षांपूर्वीच्या आकड्यांशी करा.

खासगी क्षेत्र हा माझ्या मते सगळ्यात मोठा आंधळा कोपरा. औषधविक्रीच्या आकड्यांवरून केलेल्या एका अभ्यासाचा अंदाज होता की २०१४ मध्ये देशात सुमारे २२ लाख रुग्ण खासगीत उपचार घेत होते, म्हणजे आधी धरून चाललो होतो त्याच्या दोन ते तीन पट. नोंद २०१२ पासून सक्तीची आहे, २०१८ च्या अधिसूचनेने न कळवणाऱ्यावर कारवाईचीही तरतूद केली. कारवाई झालेली मी कधी पाहिली नाही आणि व्हावी असंही वाटत नाही. डॉक्टरांशी गोडीनेच काम होतं. पण तपासणी करायची तर औषध दुकानांत जा. टीबीची औषधं एच-वन अनुसूचीत आहेत, दुकानदाराला त्यांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. औषध निरीक्षकांना बरोबर घेऊन बाजारपेठेतली आठ-दहा दुकानं बघा, रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध कोणाला विकलं ती नावं उतरवा आणि निक्षयशी पडताळा. न जुळलेली नावं म्हणजे तुमच्या जिल्ह्याची अदृश्य नोंद. आणखी एक: खासगीतले निकाल "उपचार पूर्ण" असे भराभर भरलेले असतात, पुष्कळदा फोनवर विचारून. रोगाचं निदान थुंकीच्या किंवा जनुकीय तपासणीने झालं होतं का, की नुसत्या एक्स-रेवर, आणि रिफॅम्पिसिनला दाद न देणारा टीबी नाही ना हे बघितलं होतं का, हे त्यांच्या बाबतीत वेगळं मोजा. सरकारी आणि खासगीची सरासरी काढली की दोन्हीकडचं झाकलं जातं.

टीबीमुक्त ग्रामपंचायतींचा आकडा तुमच्या स्लाइडांत ठळक असणार. ही योजना २४ मार्च २०२३ ला सुरू झाली. निकषांत हजार लोकांमागे वर्षाला किमान ३० संशयितांची तपासणी आणि हजारी जास्तीत जास्त एक रुग्ण, या दोन्ही अटी आहेत. कल्पना चांगली आहे, सरपंच पहिल्यांदाच टीबीबद्दल बोलू लागले. पण दीड हजार वस्तीच्या गावात एक रुग्ण निघाला तर गाव पास आणि दोन निघाले तर नापास, हा निव्वळ योगायोगाचा खेळ आहे. त्यातून नको ते वळण लागतं. एका सरपंचाने मला मोठ्या आदबीने विचारलं होतं, "डॉक्टरसाहेब, त्या म्हाताऱ्याची नोंद त्याच्या लेकीच्या गावात नाही का करता येणार?" म्हणून मुक्त ठरलेल्या पंचायतींत तपासण्या खरंच कोणाच्या झाल्या ते बघा. तीसचा आकडा खोकणाऱ्यांनी भरलाय की शाळेतल्या पोरांनी?

मग जिल्ह्यात प्रत्यक्ष किती टीबी आहे हे मोजता येतच नाही का? अवघड आहे. त्याच राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरच्या लाख लोकांमागे ३१६ रुग्ण सापडले. म्हणजे तीनशे रुग्ण बघायचे तर लाखभर माणसं तपासायला हवीत. २०१५ च्या तुलनेत २०, ४० किंवा ६० टक्के घट झालेल्या जिल्ह्यांना कांस्य, रौप्य, सुवर्ण देणारी जी पडताळणी होते, तिच्यात म्हणूनच घरोघर पाहणीसोबत औषधविक्री आणि न कळवलेल्या रुग्णांचा अंदाज असे आडवळणाचे रस्ते घेतात. तुमच्या पंधरा दिवसांत हे होणार नाही. कोणी तसा आग्रह धरला तर स्पष्ट नाही म्हणा.

पोषणाच्या पैशाचं लवकर आटोपतो. निक्षय पोषण योजनेत एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. स्लाइडवर "९५ टक्के लाभार्थ्यांना लाभ" असं दिसलं तर विचारा, लाभ म्हणजे किमान एक हप्ता का? आणि तो कितव्या महिन्यात? झारखंडमध्ये झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णाच्या घरच्यांना पोषण आहार दिल्यावर त्यांच्यात टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, आणि पहिल्या दोन महिन्यांत वजन वाढलेल्या रुग्णांत मृत्यू बरेच कमी झाले. खाणं लागतं ते सुरुवातीला. पाचव्या महिन्यात खात्यावर पडलेल्या रकमेचं खातेवहीत मोल आहे, अंगावर चढायला मात्र ती उशिरा आलेली असते. औषधांचंही असंच: २०२४ च्या मार्चनंतर अनेक राज्यांत गोळ्यांची टंचाई झाली होती. त्या काळातली पंधरा-वीस उपचार कार्डं काढा आणि खाडे मोजा. साठ्याचा अहवाल काहीही म्हणो.

शेवटचे तीन दिवस रुग्णांसाठी राखून ठेवा. यादी कार्यालयाकडून घेऊ नका, ते तुम्हाला बरे झालेले हसरे लोकच भेटवतील. वहीतून दर दहावं नाव उचला, त्यात सोडून गेलेले आणि मृतांची घरंही येऊ द्या. प्रश्न मोजके: खोकला कधी सुरू झाला, पहिल्यांदा कोणाला दाखवलं, टीबी म्हणेपर्यंत किती डॉक्टर झाले, किती पैसे गेले, त्यासाठी काय विकलं किंवा कोणाकडून घेतले. घरात लहान मूल आहे का, आणि त्याला प्रतिबंधक गोळ्या कोणी दिल्या का. मृतांच्या घरी जाताना आशाताईला बरोबर घ्या, पण सरकारी गाडी गल्लीच्या तोंडाशीच सोडा आणि चालत जा. टीबीचं घर म्हणून बोट दाखवण्याची पद्धत अजून गेलेली नाही, आणि त्या घरात बहुधा लग्नाची मुलगी असते.